भाऊंची ‘आपली’ कंपनी

पत्र्याला आकार देणारी प्रेस सुरू झाली की भाऊ नुसते कान देऊन उभे राहत. “आज हिचं पोट दुखतंय,” म्हणाले की डाय उतरवायची, साच्यात तडा सापडायचाच. इंजिनियर लोक मशिनी लावून तपासत, भाऊंचं कानावर भागे.

नवलाख उंबरे गावाजवळच्या, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. तिथं कंत्राटी कामगाराला पिवळी टोपी, कायम झालेल्याला निळी. भाऊंच्या डोक्यावर चौदा वर्षं पिवळीच, गळ्यात पास ठेकेदाराचा आणि तोंडात मात्र ‘आपली कंपनी’. उर्से टोलनाक्यावर नवी गाडी दिसली की मला कोपरानं ढोसत, “हिच्यात आपला पार्ट हाय बरं का!” मला तेव्हाही चीड यायची. अहो, कसली आपली? कँटीनच्या पंख्याखाली बसू देत नाही ती तुम्हाला! पिवळ्यांनी जेवायचं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

मग मला निळी टोपी मिळाली. भाऊंनी शेडभर पेढे वाटले. आठवडाभर मी त्यांच्यातच जेवायला गेलो. एक दिवस निळ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “काय राव, सवय सुटंना का?” सगळे हसले, मीही हसलो आणि पंख्याखाली जाऊन बसलो. महिनाभरात ‘हे पिवळे लोक’ असं माझ्याच तोंडून सहज यायला लागलं.

गेल्या वर्षी कंपनी थोडी माणसं कायम करणार होती. जुने कंत्राटी घ्या म्हणायचं, की आपली मुलं? हे ठरवायला कायम कामगारांच्या युनियननं सभा बोलावली. पन्नाशीला ठेकेदार माणूस कमी करतो, आणि भाऊंना पन्नासावं लागलेलं. ही शेवटची संधी. “आपल्या पोरांसाठी कोण कोण?” अध्यक्षांनी विचारलं. शेजारचे हात वर गेले, तसा माझाही गेला. मला मुलगा नाही. एक मुलगी, ती दुसरीत. कुणी दम दिला नव्हता, कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. त्या हाताची मला अजून किळस येते.

ठराव पोरांच्या बाजूनं झाला, आणि पुढं मी भाऊंना टाळतच राहिलो. पन्नाशी भरली, ठेकेदारानं पास काढून घेतला. त्या दिवशी फाटकाबाहेर गाठून मी एकदाचं ओकून टाकलं, “भाऊ, त्या सभेत मीही हात वर केला होता.” वाटलं, थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

“आरं, एवढंच व्हय?” ते म्हणाले. “तुज्या जागी मी असतो तर मी बी क्येला असता.”

भाऊ खोटं बोलत होते, मला बरं वाटावं म्हणून. आणि शी, मला बरं वाटलंही.