दुपार सोडून

शांते, दुधनीच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आई खिडकीला हात लावून चालत होती. बाकीच्या आया लेकीला नांदायला धाडताना काय काय सांगतात! आपली म्हणाली, "थकलीस की कडत पाण्यानं न्हा. शीण जातोय बघ." मग इंजिनाचा धूर आला आणि ती दिसेनाशी झाली.

सोलापुरात यांना गिरणीत काम होतं. बिऱ्हाड मिळालं नरसव्वांकडे. त्या तेलुगू विणकरीण, घरातच हातमाग. मागावरचा ताणा, म्हणजे उभी सुतं, संपला की नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्याला पिळून सांधायचं, हे काम त्यांनी मला शिकवलं. सकाळी माझी बोटं अशी चालायची की त्याही बघत राहायच्या. दुपारी मात्र डोळ्यांपुढं धुकं यायचं. एका सुताची दोन दिसायची, हात परक्याचा वाटायचा. मी झोपलेली नसायचे आणि जागीही नसायचे. मागाची खटखट नदीपलीकडून आल्यासारखी यायची. त्यात थोडा गोडवाही होता, खोटं कशाला बोलू?

शेजारणी म्हणाल्या, अंगचोर हाय. लई राग यायचा मला. अगं, अंग चोरायला तरी अंगात जीव नको का? डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून औषध दिलं. मी आपलं आईचं ऐकत होते. रोज दुपारी चुलीवर हंडा ठेवायचा आणि कडत पाणी अंगावर घ्यायचं. जितका शीण जास्त, तितकं पाणी जास्त कडत. एके दिवशी न्हाणीतून उठताच येईना. पाय गेले, डोळ्यांपुढं काळोख झाला. नरसव्वांना वाटलं, मला घेरी आली. त्यांनी रांजणातलं गार पाणी भडाभडा ओतलं. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरचं कुंकू दिसायला लागलं, एकच, स्वच्छ.

हे घरी आले ते घाबरूनच. म्हणाले, "उद्या तुला दुधनीला पोचवतो. हितं तुझा निभाव लागायचा न्हाई."

मला रडू फुटलं. माहेरी धाडतात म्हणून रडणारी मीच पहिली असेन! पण मला ते काम हवं होतं, सुतं सांधणारे माझे हात हवे होते. म्हटलं, "गार पाण्यानं मला दिसायला लागलं. गरमीच सोसत न्हाई मला. दुपार सोडून मी सगळी धडधाकट हाय की."

नरसव्वा दारातून म्हणाल्या, "मग दुपार दे सोडून. पहाटे बस सांधायला."

हंडा बंद झाला. आजार गेला नाही. आता डावा पाय ओढत चालते, आणि का ते कुणी सांगू शकलेलं नाही. याचं वाईट वाटतं, रागही येतो. पण काम सुटलं नाही.

तू लिहितेस, ताई, घरी ये, विसावा मिळेल. येते गं, पण तुम्ही सगळे उशाशी बसता, काय होतंय विचारता, आणि तुमचा जीव भांड्यात पडावा म्हणून मी डोळे ताणून हसत राहते. इथं मी भर दुपारी जमिनीवर आडवी होते. माग थांबत नाही, कुणी काही विचारत नाही. माहेरी मला जागं राहावं लागतं, शांते. झोपायला मी इथं, माझ्या घरी येते.