माणगावपर्यंत दाबलेली छाती

दिवेआगरचा सिद्धेश ॲम्ब्युलन्सवर तंत्रज्ञ. गाव मोठं खट्याळ, म्हणायचं, "याची गाडी दिसली की तिरडीचे बांबू आणायला माणूस धाडा!" परवा सुपारीच्या वाडीत भागोजी छाती धरून कोसळला. माणगावच्या इस्पितळाकडे निघालेल्या गाडीत सिद्धेश त्याची छाती दाबत राहिला. वाटेत म्हसळ्यालाच सिद्धेशला कळलं, आता यात काही उरलं नाही. पण माणूस गेला असं सांगायचा अधिकार डॉक्टरचा. याने हात थांबवायचे नाहीत.

"हाय ना रे?" भागोजीची बायको सखू विचारी.

"काकू, माणगाव येऊ दे."

"मग दाब की जोरात! जेवला न्हाईस काय?"

माणगावात डॉक्टरांनी तपासून मान हलवली. सिद्धेशने हात काढले. सखू त्याच्यावरच धावली, "सोडलास कशाला? तू दाबत व्हतास तवर व्हता तो!"

गावाला सखूचं पटलंय. सिद्धेशलाही, थोडंसं.