अंग खाजलं तर गोळी खरी

नायजेरियातल्या इबादान शहरात, मोकोला भागात चवळीची भजी खावीत ती अबोसेदेच्या हातची. तोंडाने फटकळ बाई, पण कुणी आजारी पडलं की कढई उतरवून धावायची. मी तिच्याच अंगणातली भाडेकरू. तिचा नवरा दुरोजाये जन्मभर ट्रक चालवत आला, बायकोपुढे मात्र त्याचं इंजिन कधी सुरूच झालं नाही.

कोरोनाच्या वर्षी गाव बंद झालं आणि दुरोजायेला ताप भरला. हिवतापाची जुनी क्लोरोक्विनची गोळी यावरही चालते, असं कुणीतरी रेडिओवर म्हणालं होतं. ही गोळी आमच्या लहानपणची. पोटात गेली की अंगाला अशी खाज सुटायची की आई खराट्याने पाठ खाजवायची. बाजारात नकली औषधांचा सुळसुळाट, म्हणून आमची परीक्षा सोपी: अंग खाजलं तर गोळी खरी. अबोसेदेने पोलिसांची नजर चुकवत, गल्लोगल्ली फिरून गोळ्या मिळवल्या.

“अहो सांजोचे बाबा, खाजतंय का?”

“नाही गं.”

“मेल्याने खडू विकला मला!” म्हणत तिने आणखी गोळ्या दिल्या. तरी खाज नाही. संध्याकाळी ती पुन्हा मूठ भरून आली, तसा तो दोन्ही हातांनी अंग ओरबाडायला लागला.

“खाजतंय! अगं, काय खाजतंय! इथे पाठीला बघ!”

अबोसेदे नाचायचीच बाकी होती. मुठीतल्या गोळ्या बाजूला ठेवून ती त्याची पाठ खाजवत बसली. मीही दारातून हसले. थोड्या वेळाने तो उठायला गेला आणि उंबऱ्यातच कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हृदयाचा आलेख काढला.

“मावशी, ही गोळी जास्त झाली की काळजाचे ठोके बिघडतात. खाज सगळ्यांनाच सुटते असं नाही. आणि या आजारावर ती चालते, हे अजून सिद्ध कुठे झालंय? आणखी एकदा दिली असतीत, तर हे इथवर पोचले नसते.”

अबोसेदे भिंतीला टेकून खाली बसली. मला तिच्याकडे बघवेना.

चार दिवसांनी तो उशाला टेकून बसला, तेव्हा ती म्हणाली, “देवाने वेळेवर खाज दिली म्हणून वाचलात.”

“खाज सुटलीच नव्हती,” दुरोजाये म्हणाला. “छातीत धडधडत होतं. आणखी गिळायची भीती वाटली.”

“मग नको म्हणायला तोंड नव्हतं?”

“एवढी वणवण करून आणल्यास तू. तुला कसं नको म्हणू?”

तिचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात घट्ट धरला.

“म्हणा. आत्ता, माझ्यासमोर म्हणा.”

“नको,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं म्हणा हो,” ती रडत रडत म्हणाली.