चौथं चाक

गप्प बसणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप साठतात. बाकीचे बोलण्यात गुंतलेले असतात, लक्षात ठेवायचं काम आपल्यावर पडतं. आमच्या ग्रुपमध्ये ते माझ्याकडे आहे. लग्नाला सात महिने झाले आणि जवळजवळ सगळे रविवार मी जुळे सोलापूरच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर काढलेत. तिथे माझा नवरा अमोल आणि त्याचे मित्र हातभर लांबीच्या रेसिंग बग्गी रिमोटवर पळवतात. सगळे नोकरीधंद्याचे, दोघांना तर टक्कलही पडलंय.

*

पहिल्याच रविवारी शेवटच्या वळणावर अमोलच्या बग्गीचं मागचं चाक निघालं. गाडी धुळीत बसली. चाक मात्र गडगडत गेलं आणि सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडून थांबलं. रेषेवर शिट्टी घेऊन अमोलचा मित्र व्यंकटेश उभा होता. त्याने अगदी गंभीरपणे मला रिझल्ट सांगितला, "वहिनी, तुमचं चाक पहिलं आलं. गाडीचं कळवतो."

*

मग अमोलने चाक कसं बसतं ते दाखवलं. दांड्यात आडवी पिन, पिनवर सहा कोनांचा हेक्स, हेक्सवर चाक, बाहेरून नट. पिन तांदळाच्या दाण्याएवढी. मातीत पडली तर सापडत नाही म्हणून व्यंकटेश घरच्या मागावरची चादर आणून अंथरतो आणि त्यावर सगळे गाड्या खोलतात.

एकदा पिन चादरीवरच पडली. तीन मोठी माणसं गुडघ्यांवर बसून अर्धा तास मोर आणि वेलबुट्टी चाचपत होती. शेवटी गॅरेजवाले सलीमभाई कंबर धरून उठले. "मिट्टी में गिरती तो मिल जाती."

*

अमोलची चाकं निघायची थांबेनात, तेव्हा सलीमभाईंनी पाना स्वतः हातात घेतला. ट्रकचे नट आवळतात तसे चारही आवळले आणि चाकांनाच म्हणाले, "अब निकलके दिखाव."

शिट्टी वाजली. चाकं निघाली नाहीत. फिरलीही नाहीत.

*

त्या रात्री जेवताना अमोल म्हणाला, पुढच्या रविवारी रेस पूर्ण झाली नाही तर गाडी विकून टाकतो, आपल्या हातालाच वळण नाही. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर फायलींत मान घालणारा हा माणूस मोठ्याने हसतो तो त्या प्लॉटवरच. आणि खरं सांगायचं तर मीही तिथेच बोलायला लागले होते. घरी 'अहो', तिथे 'अमोल'.

शनिवारी दुपारी उलगडा झाला. सासूबाई नातेपुत्याच्या, घरी ब्लाउज शिवतात. त्यांनी शिलाई मशीनला तेल घातलं आणि तीच कुपी घेऊन फळीवरच्या बग्गीकडे वळल्या. प्रत्येक नटात दोन-दोन थेंब.

मी बघत राहिले, तर म्हणाल्या, "गंजतंय की ते. पोराचं लाडकं हाय, जपाय नको? दर शनिवारी घालते."

नट धरून ठेवायला आत प्लास्टिकची कडी असते. तिला तेल पाजल्यावर ती कशाला धरेल! गाडी चकाकते म्हणून अमोलला वाटायचं, आई पुसते.

मी "हो आई" म्हणाले. सांगावं तर सासूबाईंची चहाडी, न सांगावं तर रविवार जातो.

*

रविवारी पहाटे, सगळे उठायच्या आत, मी चारही नट खोलले. लग्नातल्या मेकअप किटमधला नेलपॉलिश रिमूव्हर घेतला, मशीनवरचं पिवळं फडकं घेतलं, दांडे आणि नट कोरडे होईपर्यंत पुसले आणि पुन्हा आवळून ठेवले.

पहिली चक्कर झाली. मी चादरीचा कोपरा मुठीत धरून बसले होते. शेवटच्या वळणावर सलीमभाईंनी चक्क डोळे मिटले. गाडी वळणातून बाहेर आली. चाकं मोजली. चार!

पाच जणांत अमोल चौथा आला. व्यंकटेशने शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाला, "वहिनी, या वेळी सगळे एकत्रच आले."

घरी आल्यावर अमोलने आईला उचलायचंच बाकी ठेवलं. त्या मला म्हणाल्या, "बघ, तेल लागू पडलं का न्हाय?"

मी म्हणाले, "हो आई."

तो आंघोळीला गेला. सासूबाईंनी मशीनवरचं पिवळं फडकं उचललं, नाकाशी नेलं आणि परत घडी घातली.

"शनिवारी तेल मी घालणारच हाय," त्या म्हणाल्या. "तू पुसताना त्याची जुनी बनियन घेत जा. ह्याचा वास लई दिवस जात न्हाय."