नवस मोडला तो दिवस

दत्ताच्या तसबिरीसमोर उभी राहून मला हात जोडता येत नव्हते, तेव्हाची ही हकिकत आहे. सकाळी बोटं इतकी आखडलेली असत की तळहाताला तळहात लागतच नसे. मनगटाला मनगट टेकवायचं आणि त्यालाच नमस्कार म्हणायचं, असं चाललं होतं. मी दिल्लीला एका मंत्रालयात स्टेनो होते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची बरीच वर्षं गेली. चाळिशी ओलांडली त्या वर्षी आधी उजव्या हाताची बोटं सुजली, मग गुडघे, मग टाचा. आमवात आहे असं निदान झालं. जवळच्या एका डॉक्टरांनी छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांत मी पुन्हा धावत बस पकडू लागले. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या हे कळायला मला वर्ष लागलं. तोवर चेहरा गोल झाला होता, साखर वाढली होती, आणि दाराचा साधा धक्का लागला तरी दंडावर जांभळे डाग उठत. गोळी चुकली की दुखणं परत यायचं, म्हणून डॉक्टरांना न विचारता मीच ती चालू ठेवत गेले. अशी तीन वर्षं गेली.

त्या काळात दिल्लीत जो तो कुठेतरी निघाला होता. माझ्या यजमानांनीही सरकारी नोकरी सोडली आणि ते गुडगावच्या एका खाजगी कंपनीत गेले. क्वार्टर त्यांच्या नावावर होतं, ते रिकामं करावं लागलं. दिल्लीच्याच एका टोकाला, द्वारकेत, सोसायटीचा फ्लॅट नुकताच ताब्यात आला होता, तिथे आम्ही राहायला गेलो. चौथा मजला. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. इमारती सगळ्या सारख्या, त्यांच्यावर अजून अक्षरं रंगवलेली नव्हती. फोनची लाइन यायची होती. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर होती. हे सकाळी आठला निघत ते रात्रीच परतत. पेन्सिल धरता येईना म्हणून मी लांब रजेवर होते, आणि त्या रिकाम्या इमारतीत दिवसभर एकटी असे.

एकदा जुन्या भजनी मंडळातल्या एक वयस्कर बाई मला भेटायला एवढ्या लांब आल्या. माझा अवतार बघून त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, "अगं, तुझा भरवसा गोळ्यांवर आहे, मग महाराज कशाला मध्ये पडतील? चाळीस दिवस गोळ्या सोडून फक्त तीर्थावर राहून बघ." त्यांचा हेतू चांगला होता, आजही मी त्यांना दोष देत नाही. मी नवस बोलले, पण आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की त्यात श्रद्धा कमी होती. इतकी वर्षं तुझी सेवा केली, आता काय करतोस ते बघू, असा तो हिशोब होता. गोळ्यांची पट्टी मी कचऱ्यात टाकली आणि यांना काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सगळे सांधे पेटले. सहाव्या दिवसापासून अन्न नकोसं झालं, उलट्या सुरू झाल्या. शरीरातला दोष बाहेर पडतोय, अशी मी माझी समजूत घातली. यांनी विचारलं तर पोट बिघडलंय असं मी सांगितलं. नवव्या दिवशी गुरुवार होता. कामवाली काम करून गेली, तिच्या मागे कडी लावायलाही मी उठले नाही. तसबिरीसमोर बसले होते, उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिथेच फरशीवर आडवी झाले. शुद्ध होती, पण हात उचलायची ताकद नव्हती. भीतीसुद्धा वाटत नव्हती. संपत असेल तर संपू दे, एवढंच मनात होतं.

दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली. मग दार ढकललं गेलं आणि एक अनोळखी बाई आत डोकावली. पस्तिशीची, सावळी, सलवार-कमीजमधली, चार मजले चढून धापा टाकणारी. ती केरळची होती, एका इस्पितळात नर्स होती, आणि भाड्याचा फ्लॅट बघायला आली होती. प्रॉपर्टी डीलरनं तिला वर पाठवलं होतं आणि तो स्वतः खाली गाडीत बसला होता. फ्लॅट खरं तर शेजारच्या इमारतीतला होता, ती चुकून आमच्या इमारतीत चढली होती. एवढं सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी तिनं चप्पल काढली, माझ्याजवळ बसली, नाडी धरली, दंडावरचे डाग बघितले, माझा गोल चेहरा बघितला.

"कोई गोली खाती थीं आप? बंद की है क्या?"

मी तोंड फिरवलं. सांगितलं तर पुन्हा गोळी घ्यावी लागेल, नवस मोडेल, नऊ दिवस वाया जातील, असं मला त्या अवस्थेतही वाटत होतं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "दीदी, बोलिए. टाइम नहीं है."

मी बोलले. "स्टेरॉइड. नौ दिन से."

ती लगेच उठली. गॅलरीतून तिनं डीलरला हाक मारली, एका चादरीत घालून दोघांनी मला खाली नेलं, आणि त्याच गाडीतून आम्ही इस्पितळात पोचलो. रक्तदाब फारच खाली गेला होता. इतकी वर्षं बाहेरून गोळी मिळत असली की शरीर ते द्रव्य स्वतः बनवायचं विसरतं, आणि गोळी एकदम थांबवली तर माणूस जाऊ शकतो, हे मला तिथे समजलं. मला सलाइनमधून स्टेरॉइडच दिलं गेलं. जे मी कचऱ्यात टाकलं होतं त्यानंच त्या दिवशी मला जगवलं.

संध्याकाळी हे आले. खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, मला एका शब्दानं तरी सांगायचंस."

तिथल्या सांधेदुखीच्या डॉक्टरांनी मात्र मला चांगलंच फटकारलं. स्टेरॉइड सुटू शकतं, ते म्हणाले, पण जिना उतरावा तसं, एकेक पायरी. तुम्ही गच्चीवरून उडी मारलीत. मग त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं दुसरं औषध सुरू केलं, दर महिन्याला रक्ततपासणी लावली, आणि जुनी गोळी अगदी थोडी थोडी कमी करायला घेतली. त्याला चौदा महिने लागले. मधे एकदा दुखणं उसळलं आणि दोन पायऱ्या पुन्हा वर चढाव्या लागल्या, तेव्हा मी खूप रडले.

त्या नर्सला मी सिस्टर म्हणू लागले. सिस्टरांना द्वारकेतच दुसऱ्या सेक्टरमध्ये घर मिळालं. रविवारी चर्च आटोपलं की त्या माझ्याकडे येत आणि रोज करायचे व्यायाम शिकवत. उठल्याबरोबर कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बोटं उघडायची-मिटायची, मग भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं, मग पलंगावर पडून गुडघे, टाचा, मान. त्या मल्याळममध्ये आकडे मोजत. ओन्न, रंड, मून्न. मला दहापर्यंत पाठ झाले. दुखलं की मी थांबायचे. त्या म्हणायच्या, "थोड़ा दर्द चलेगा. ज़्यादा दर्द हो तो रुकिए." थोडं आणि जास्त यातला फरक ओळखायला मला कित्येक महिने लागले. तीन तास राहणारा आखडलेपणा हळूहळू अर्ध्या तासावर आला. त्याच्या खाली तो कधी गेला नाही, आणि शेवटची पाव गोळी सुटली त्या दिवशीही मी पूर्ण बरी झाले नव्हते.

दोनेक वर्षांनी सिस्टरांना आखातात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दुपारी त्या भेटायला आल्या. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, तीनच, आणि त्याही जरा जाड. त्या खात असताना मी इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, सिस्टर, त्या दिवशी तुम्हाला माझ्या देवानं पाठवलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, त्या महिन्यातलं ते त्यांचं अकरावं घर होतं. एकटी बाई म्हणून, केरळची म्हणून, मांस शिजवते म्हणून आधीच्या प्रत्येक घरमालकानं नकार दिला होता. "चारों मंज़िल मैं भगवान से लड़ते हुए चढ़ी थी, दीदी. मैं बोली, तू एक कमरा नहीं दे सकता?"

मी आत देवाची परीक्षा घेत पडले होते आणि जिन्यावरून कुणीतरी त्याच्याशी भांडत वर येत होतं. आम्हा दोघींपैकी कुणीही त्या दिवशी शरण गेलेलं नव्हतं. मी शरण जाईन तेव्हाच देव बघेल, असं मला शिकवलं गेलं होतं. त्यानं तेवढी वाट पाहिली नाही. त्याचे उपकार मानायचे तर मला हे आधी मानावं लागतं. यापुढचं मला सांगता येत नाही. उरलेली पोळी त्यांनी डब्यात भरून मागितली, प्रवासात खाईन म्हणाल्या, आणि मी ती तूप लावून बांधून दिली.