रखमाची खोटी पोटदुखी

बायांनो, आज दुपारी माझी मैत्रीण रखमा कोपरगावहून आली. उंबऱ्यात टेकली, तांब्याभर पाणी घटाघटा प्याली आणि वर म्हणते, "आनखी आन गं."

मी म्हटलं, "का गं? आमचं पाणी बाधतं ना तुला?"

त्याचं असं झालं. नव्वदीच्या सालांत आमच्या पाथर्डीकडं टँकर आला तरच पाणी. तेव्हा ही मुक्कामाला आली, ती एसटीतून पाण्यानं भरलेला कॅन घेऊन. म्हणाली, "मला परगावचं पाणी सोसत न्हाई, पोट बिघडतं." मला लई राग आला. पाहुणीला आधी पाणी द्यायचं, तर ही आमच्या पाण्याला नाक मुरडते! जाताना कॅन जवळजवळ भरलेलाच होता. "परत कोन वाहील? दे वतून." ओतते कशाला? सून बाळंतीण होती. बाळाच्या आंघोळीला तेच पाणी झालं.

आज रखमा हसत म्हणाली, "सरळ दिलं असतं तर घेतलं असतंस? माझ्याच डोक्यावर वतलं असतंस."

ओतलंच असतं.

तेव्हापासून मी तिला नखरेल म्हणत आले, अन् तिनं ते मुकाट ऐकून घेतलं. मदत करून मिरवणाऱ्या लई बघितल्या. मदतीपायी स्वतःला नावं ठेवून घेणारी ही एकच.

अशी खोटारडी तुमच्या ओळखीत आहे का? नीट आठवा. तिच्यावर तुम्ही अजून रुसून बसलेल्या असाल.