चिंचेने घासलेला दिन्येरो

इथे क्वीन्सटाउनला आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, एक निवृत्त मरीन इंजिनिअर राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. बोटीवर असताना लिस्बनच्या बंदरात त्यांना मध्ययुगीन पोर्तुगीज नाण्यांचा नाद लागला. तोही सोन्याच्या नव्हे, दिन्येरोंचा. नखाएवढं, माशाच्या खवल्यासारखं पातळ नाणं. एका बाजूला क्रूस, दुसरीकडे ढाली, भोवती राजाचं नाव. एवढा थाट, आणि आत चांदी किती, तर उद्घाटनाच्या भाषणात मुद्दा असतो तेवढी. बाकी तांबं.

यात बघण्यासारखं काय, असं मी एकदा विचारलं होतं. सोनं लोक पुरून ठेवतात, हे मात्र रोज बाजारात फिरलेलं असतं, असं ते म्हणाले. शतकांनी चढवलेला काळपट थर हाच संग्राहकांचा जीव की प्राण, हेही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली आणि विसरलो.

गेल्या दिवाळीत काका एकटेच होते, म्हणून लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे येणार होते. सकाळीच त्यांनी त्यांचा सर्वांत जुना दिन्येरो पूजेसाठी आणून दिला. त्यानंतरच्या शनिवारी तोच ते संग्राहकांच्या मेळाव्यात मांडणार होते. वर्षभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पूजेची उपकरणी घासायचं काम बायकोने माझ्याकडे दिलं होतं. चिंच आणि मीठ घेऊन मी समई घासली, ताम्हन घासलं, आमची चांदीची नाणी घासली, आणि त्याच ओघात दिन्येरोही.

तो पांढरा निघाला, तेव्हा मला आठवलं.

संध्याकाळी काका आल्याआल्या मी कबुली दिली. ते नाणं खिडकीशी नेऊन भिंगातून बघत राहिले. बायकोने गॅस बंद केला.

"कशाने घासलंस?"

"चिंच आणि मीठ."

ते खुर्चीवर बसले. मग सावकाश सांगू लागले. टांकसाळीत ही नाणी भट्टीतून काळी निघायची. वाइनच्या पिंपाच्या तळाशी साचणारा आंबट क्षार आणि मीठ यांच्या पाण्यात ती टाकायची. वरचं तांबं खाल्लं जायचं, चांदीची पातळ कातडी उरायची आणि राजा ती चांदी म्हणून खपवायचा. तोच आंबटपणा चिंचेत असतो.

"म्हणजे पहिल्या दिवशी हे असं दिसत होतं," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं बघतोय, पण हे कधी बघितलं नव्हतं."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. क्रूसाच्या एका टोकाला कातडी झिजून गुलाबी तांबं डोकावत होतं. कुणा कोळिणीने मासे देऊन हे घेतलं असेल, तेव्हा तिने ते चांदीचंच मानलं असेल. राजांच्या असल्या लबाड्यांवर मी सहसा हसतो. त्या वेळी हसू आलं नाही.

"मग शनिवारी, काका?" बायकोने हळूच विचारलं.

"शनिवारी कसलं? हे बघून मेळाव्यातले लोक मला दारातही उभं करणार नाहीत."

त्यांनी भिंग परत मागितलं आणि पूजेची वेळ टळेपर्यंत नाण्यावरून हलवलं नाही.